‘ॲस्पिरिन लागू पडत नाही’: एका मधुमेही रुग्णाच्या प्लेटलेटचे प्रकरण

ओळख पटू नये म्हणून रुग्णाचे वय आणि काही तपशील बदलले आहेत. औषधांचा क्रम आणि आम्ही घेतलेले निर्णय, चुकलेले धरून, जसे घडले तसेच ठेवले आहेत.

पार्श्वभूमी

रुग्ण ६१ वर्षांचे गृहस्थ. मधुमेह १६ वर्षांचा, गोळ्यांवर. एचबीएवनसी ९.४ टक्के, म्हणजे तीन महिन्यांची साखर सरासरीने बरीच वर. आठ महिन्यांपूर्वी हृदयविकाराचा झटका येऊन एक स्टेंट (धमनी उघडी ठेवणारी जाळीदार नळी) बसलेला. प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या सूक्ष्म पेशी, एकमेकींना चिकटून गुठळी होऊ नये म्हणून तेव्हापासून रोज दोन गोळ्या चालू होत्या: ७५ मि.ग्रॅ. ॲस्पिरिन, तेही जठरात न विरघळणाऱ्या आवरणाचे, आणि ७५ मि.ग्रॅ. क्लोपिडोग्रेल. शिवाय रक्तदाब, कोलेस्टेरॉल आणि साखरेची औषधे. केसपेपरवर ‘इतर औषधे’ या रकान्यात लिहिले होते: काही नाही.

एका रात्री डावा खांदा भरून आल्यासारखा झाला आणि दोन तासांत छातीत कळ सुरू झाली. ते आमच्याकडे पोचले तेव्हा रात्रीचे अकरा वाजून गेले होते. अँजिओग्राफीत जुन्या स्टेंटमध्येच ताजी गुठळी दिसली. फुग्याने धमनी मोकळी केली, शिरेतून टायरोफिबान हे प्लेटलेटना रोखणारे औषध दिले, क्लोपिडोग्रेल थांबवून टिकाग्रेलॉर सुरू केले. या भागात विचार करण्यासारखे फारसे काही नव्हते. क्लोपिडोग्रेल चालू असताना स्टेंटमध्ये गुठळी झाली की अधिक जोरकस औषधाकडे वळायचे, हे ठरलेलेच असते.

अडचण

प्रश्न ॲस्पिरिनचा होता. टायरोफिबान संपून दोन दिवस उलटल्यावर, चौथ्या दिवशी पहाटे सहाला रक्त घेऊन ॲस्पिरिनचा परिणाम मोजणारी प्लेटलेट चाचणी केली. या यंत्राचे एकक एआरयू. ५५० किंवा त्याहून जास्त आकडा आला तर ॲस्पिरिनचा परिणाम दिसत नाही, असा त्याचा अर्थ. आकडा आला ५९१.

एरवी असा आकडा आला की पहिली शंका येते ती रुग्ण गोळी घेतच नसावा ही, आणि बहुतेक वेळा ती खरी निघते. इथे तशी सोय नव्हती. चार दिवस ॲस्पिरिन वॉर्डातली परिचारिका स्वतःच्या हाताने देत होती, समोर पाणी प्यायला लावत होती. तेव्हा कागदावर शब्द उमटले: ‘मधुमेह, ॲस्पिरिनला दाद नाही’.

हे निदान पटण्याजोगे होते, आणि घोटाळा तिथेच झाला. मधुमेहात प्लेटलेट खरोखरच चिडक्या असतात. पेशीत साखर शिरायला एरवी स्नायूंना इन्सुलिन लागते, प्लेटलेटला लागत नाही. रक्तात साखर वाढली की ती थेट आत जाते. आवरणावरच्या प्रथिनांना साखर चिकटते आणि आवरण ताठर होते. इन्सुलिन प्लेटलेटवर एरवी थोडा लगाम ठेवते. शरीर त्याला जुमानेनासे झाले की तो लगामही सैल पडतो. त्यात मधुमेहात प्लेटलेट लवकर संपतात आणि लवकर भरल्या जातात, त्यामुळे रक्तात तरुण, आकाराने मोठ्या आणि जास्त तापट प्लेटलेटचे प्रमाण वाढते.

हा शेवटचा मुद्दा ॲस्पिरिनच्या बाबतीत महत्त्वाचा आहे. ॲस्पिरिन प्लेटलेटमधल्या कॉक्स-१ या विकराला (एन्झाइमला) कायमचे कुलूप लावते, त्यामुळे थ्रॉम्बोक्सेन हे इतर प्लेटलेटना हाका मारणारे रसायन तयार होत नाही. प्लेटलेटला केंद्रक नसते, म्हणून तिला नवे विकर फारसे बनवता येत नाही. एकदा कुलूप लागले की सात ते दहा दिवसांचे तिचे उरलेले आयुष्य तसेच जाते. म्हणूनच रक्तात अर्ध्या तासात निम्म्याहून खाली येणारे औषध दिवसातून एकदा पुरते. पण निरोगी माणसाच्या शरीरातही रोज सुमारे १०,००० कोटी नव्या प्लेटलेट येतात, म्हणजे चोवीस तासांत दहा टक्क्यांच्या आसपास बिनकुलपाच्या. मधुमेहात हा वाटा वाढतो, आणि गुठळी बांधायला सगळ्या प्लेटलेट मोकळ्या असाव्या लागत नाहीत.

एवढे सगळे पाठ असल्यावर ५९१ या आकड्याचे उत्तर प्रत्येकाकडे तयार होते. मीही मान डोलावली होती.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय कुणी विचारायच्या आधीच अमलात आला होता: ॲस्पिरिन वाढवून ३२५ मि.ग्रॅ. करणे. रात्रपाळीच्या निवासी डॉक्टरांनी तसे लिहिलेही होते. मनात येणारा हा सर्वांत साधा विचार, आणि या रुग्णासाठी सर्वांत चुकीचा. टिकाग्रेलॉरची मोठी चाचणी २००९ साली प्रसिद्ध झाली. १८,६२४ रुग्णांच्या त्या चाचणीत ज्यांना ॲस्पिरिनचा मोठा डोस चालू होता त्यांच्यात टिकाग्रेलॉरचा फायदा दिसला नाही. म्हणून अमेरिकेत २०११ मध्ये परवानगी देतानाच ठळक इशारा दिला गेला की टिकाग्रेलॉरबरोबर रोजचे ॲस्पिरिन १०० मि.ग्रॅ.च्या वर नेऊ नये. आमच्या क्लिनिकल फार्मासिस्टबाईंनी सकाळी औषधपत्रक तपासताना तो आकडा पकडला. एक डोस तोवर गेलेला होता.

दुसरा पर्याय ॲस्पिरिन काढून टाकून केवळ टिकाग्रेलॉरवर ठेवण्याचा. लागू पडत नसेल तर रक्तस्रावाचा धोका तरी कशाला, हा त्यामागचा युक्तिवाद. पण स्टेंटमध्ये गुठळी होऊन चार दिवस झालेल्या माणसाचे एक औषध एका आकड्याच्या भरवशावर काढण्याची हिंमत कोणाची झाली नाही. ते बरे झाले.

तिसरा, ॲस्पिरिन दिवसातून दोनदा. दर बारा तासांनी नव्या प्लेटलेटना कुलूप लावायचे, ही कल्पना मधुमेहाच्या संदर्भात तर्काला धरून आहे, आणि अशा रुग्णांमध्ये थ्रॉम्बोक्सेन त्याने जास्त दबते हे दिसलेले आहे. अडचण गणिताची होती. ७५ दोनदा म्हणजे १५०, आणि वर म्हटलेली मर्यादा १०० ची.

चौथा पर्याय काहीच न बदलता कारण शोधण्याचा. बैठकीत तो सर्वांत शेवटी आला आणि सर्वांत कमी वेळ बोलला गेला. फार्मासिस्टबाईंचे म्हणणे इतकेच होते: “मधुमेहाने ॲस्पिरिनचा परिणाम दिवसाच्या शेवटी कमी होतो हे मान्य. पण इतका पुसला जातो का? ५९१ म्हणजे जवळजवळ गोळी न घेतल्यासारखं आहे.”

त्यांचा प्रश्न बरोबर होता. जलद उलाढालीमुळे चोवीसाव्या तासाला थोडी गळती दिसते, धरण फुटत नाही. शिवाय आवरणाच्या ॲस्पिरिनबद्दल एक गोष्ट आधीच माहीत होती. २०१३ मध्ये ४०० निरोगी स्वयंसेवकांवर केलेल्या अभ्यासात आवरणाची गोळी घेतल्यावर अनेकांमध्ये परिणाम दिसला नाही. तीच माणसे पुन्हा तपासली तेव्हा ॲस्पिरिनला खरोखर दाद न देणारा एकही सापडला नाही. दोष गोळी उशिरा आणि अनियमित शोषली जाण्याचा होता.

कारण कसे सापडले

सापडले ते चौकशीने नव्हे, चादर बदलताना. पाचव्या दिवशी उशीच्या अभ्र्यात गोळ्यांची एक पट्टी निघाली: आयबुप्रोफेन आणि पॅरासिटामॉलची जोडगोळी. परिचारिकेने विचारले, “काका, हे काय?” ते म्हणाले, “हे काही औषध नाही हो, गुडघ्याचं आहे.”

मग सगळा धागा उलगडला. दोन्ही गुडघे चार वर्षे दुखत होते. उठल्या उठल्या साडेसहाच्या सुमारास एक गोळी, दुपारी एक, रात्री झोपण्याआधी एक. ॲस्पिरिन मात्र न्याहारीनंतर नऊ वाजता. इस्पितळात दिवसभर पडून गुडघे आणखी आखडले, म्हणून तोच क्रम गुपचूप चालू राहिला. झटका आला त्या रात्री खांदा भरून आला तेव्हाही त्यांनी हीच गोळी घेतली होती, आणि त्यानंतर तातडीच्या विभागात चघळायला दिलेला ॲस्पिरिनचा मोठा डोसही तिच्या मागोमागच पोटात गेला.

आयबुप्रोफेनही कॉक्स-१ वरच बसते, पण तात्पुरते. ॲस्पिरिनला ज्या अरुंद बोळातून आत शिरून कुलूप लावायचे असते, त्याच बोळाच्या तोंडाशी ते ठाण मांडते. तेवढ्यात ॲस्पिरिन येते, वाट बंद दिसते, आणि अर्ध्या-पाऊण तासात रक्तातून ओसरते. काही तासांनी आयबुप्रोफेन उठून जाते. मागे उरते ती उघडी प्लेटलेट. २००१ मध्ये हा परिणाम माणसांत नीट दाखवला गेला. २००६ मध्ये अमेरिकी औषध प्रशासनाने वेळेचा सल्लाही दिला: साधे ॲस्पिरिन घेतल्यावर किमान अर्धा तास थांबून आयबुप्रोफेन घ्यावे, किंवा आयबुप्रोफेननंतर आठ तासांहून जास्त वेळ जाऊ देऊन ॲस्पिरिन घ्यावे. हा सल्ला साध्या गोळीपुरता. आवरणाची गोळी आतड्यात केव्हा विरघळेल याचा नेम नसतो, त्यामुळे तिच्यासाठी सुरक्षित अंतर सांगता येत नाही. आमच्या रुग्णाच्या दिवसातून तीनदाच्या क्रमात तर ॲस्पिरिनला मोकळा बोळ मिळण्याची वेळच नव्हती.

चाचणीच्या वेळेचा मुद्दा थोडा विचित्र आहे. रक्त पहाटे सहाला घेतले म्हणून ५९१ आले. रात्रीचे आयबुप्रोफेन तोवर ओसरले होते आणि सकाळची गोळी व्हायची होती. हेच रक्त सकाळी दहाला घेतले असते, तर आयबुप्रोफेननेच तात्पुरते विकर अडवलेले असते, आकडा ५५० च्या खाली आला असता, आणि आम्ही ‘ॲस्पिरिन उत्तम काम करते आहे’ असे लिहून मोकळे झालो असतो. पहाटेची वेळ कुणी विचारपूर्वक निवडली नव्हती. रक्त गोळा करणाऱ्याची फेरी तेव्हा असते, इतकेच.

आणि एक धागा. वेदनाशामकाने पोटात जळजळ होई, म्हणून ते ओमेप्राझोल घेत होते. हेही त्यांच्या लेखी औषध नव्हते. क्लोपिडोग्रेल पोटात जाते तेव्हा निष्क्रिय असते. यकृतातल्या सीवायपी-२सी१९ या विकराच्या मदतीने ते कामाचे होते, आणि ओमेप्राझोल त्याच विकराला अडवते. याचा रुग्णाला प्रत्यक्ष किती फटका बसतो यावर वाद आहे. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका यादृच्छिक चाचणीत ओमेप्राझोलमुळे हृदयाच्या घटना वाढलेल्या दिसल्या नाहीत, पोटातला रक्तस्राव मात्र कमी झाला. तोवर आम्ही क्लोपिडोग्रेल बदलून बसलो होतो, त्यामुळे या रुग्णात त्याचा वाटा मोजायला काही उरले नव्हते. तरी साखळी पाहा: गुडघा, त्यासाठी एक गोळी, तिच्यामुळे जळजळ, जळजळीसाठी दुसरी गोळी. पहिलीने ॲस्पिरिनची वाट अडवली आणि दुसरीने बहुधा क्लोपिडोग्रेलची धार थोडी बोथट केली.

काय केले

आयबुप्रोफेन बंद. झटक्यानंतर ही वेदनाशामके ॲस्पिरिनच्या आड येतात ही एक बाब झाली. ती मूत्रपिंडाला आणि हृदयाला स्वतंत्रपणेही जाचतात आणि रक्तस्राव वाढवतात. पण ‘बंद करा’ म्हटल्याने गुडघा दुखायचा थांबत नाही. म्हणून त्याच दिवशी नुसते पॅरासिटामॉल, वरून लावायचे मलम आणि मांडीच्या स्नायूंचे व्यायाम सुरू केले. पहिल्या आठवड्यात ते वैतागले होते. दुखणे पूर्वीइतके दबत नव्हते आणि ते आम्ही लपवले नाही. दर दोन दिवसांनी फिजिओथेरपिस्ट त्यांच्याशी बोलत असे. त्या बोलण्याचा उपयोग व्यायामाइतकाच झाला असावा.

ओमेप्राझोलच्या जागी पॅन्टोप्राझोल. आवरणाच्या ॲस्पिरिनच्या जागी साधे ७५ मि.ग्रॅ. आवरणामुळे पोटातला रक्तस्राव टळतो ही समजूत पक्की असली तरी तिला भक्कम आधार नाही. पोटाचे रक्षण खरे तर पॅन्टोप्राझोल करणार होते.

दहा दिवसांनी पुन्हा तपासणी. या वेळी थेट थ्रॉम्बोक्सेन मोजले, म्हणजे रक्त नळीत ३७ अंशांवर तासभर गोठू देऊन त्यातून सुटलेले रसायन. औषध नसलेल्या माणसात हा आकडा काही शे नॅनोग्रॅम प्रति मि.लि. असतो. आमच्यासमोर गोळी घेतल्यावर चार तासांनी तो ३ आला. ‘दाद न देणारा’ रुग्ण पूर्ण दाद देत होता.

पण चोवीस तासांनी, पुढच्या गोळीच्या आधी, तो २१ वर चढलेला होता. म्हणजे मधुमेहाचे म्हणणे अगदीच खोटे नव्हते. आयबुप्रोफेनचा पडदा बाजूला केल्यावर मागे मधुमेहाची स्वतःची छोटी गळती दिसू लागली.

इथे दुसरा खरा निर्णय आला. दोनदा ॲस्पिरिन देऊन टिकाग्रेलॉरची मर्यादा ओलांडायची? टिकाग्रेलॉर सोडून प्रासुग्रेल या प्लेटलेट रोखणाऱ्या दुसऱ्या औषधावर जायचे? २००७ च्या प्रासुग्रेलच्या चाचणीत मधुमेही रुग्णांचा गट विशेष फायद्याचा ठरला होता. क्लोपिडोग्रेलवर १७.० टक्क्यांना मोठी घटना घडली, प्रासुग्रेलवर १२.२ टक्क्यांना. आम्ही दोन्ही न करता ॲस्पिरिनची वेळ तेवढी बदलली: सकाळऐवजी रात्री, जेवणानंतर. पहाटे आणि सकाळी प्लेटलेट जास्त तापलेल्या असतात आणि झटक्यांचे प्रमाणही तेव्हा जास्त असते. गळती राहणारच असेल तर ती संध्याकाळी राहू दे, असा हा विचार. पुढच्या तपासणीत सकाळचा आकडा ६ होता. प्रामाणिकपणे सांगायचे तर आम्ही गळती बुजवली नाही, तिची वेळ सरकवली. हे सर्वांना पटले नाही. एका सहकाऱ्याचे मत अजूनही प्रासुग्रेलच्या बाजूने आहे.

साखरेची घाई केली नाही. साखर एकदम खाली घसरली की ॲड्रेनलिन उसळते आणि त्यानेही प्लेटलेट चेतवल्या जातात. चार महिन्यांत एचबीएवनसी ७.५ वर आणले.

पुढे काय झाले

तिसऱ्या आठवड्यात दम लागू लागला. हृदय निकामी होते आहे की काय या भीतीने ते स्वतःच सगळ्या गोळ्या थांबवायच्या बेतात होते. पत्नीने आधी फोन करायला लावला. इको चाचणीत हृदय ठीक होते. टिकाग्रेलॉरने असा दम लागतो, मोठ्या चाचणीत तो साधारण १४ टक्के रुग्णांना लागला होता. हे सुरुवातीलाच सांगायला हवे होते आणि आम्ही सांगितले नव्हते. त्यांचा दम सौम्य होता, महिनाभरात कमी झाला. एक वर्ष पुरे झाल्यावर टिकाग्रेलॉर थांबवले. या काळात नवी गुठळी झाली नाही, मोठा रक्तस्रावही नाही. एका रुग्णाच्या वर्षभराच्या सुखरूपपणातून आमचा कोणता निर्णय बरोबर ठरला हे सांगता येत नाही. आयबुप्रोफेन थांबवणे हा त्यातला सर्वांत वजनदार, याबद्दल मात्र माझ्या मनात शंका नाही.

हे वाचून एखाद्या मधुमेही वाचकाने आपणही ॲस्पिरिन सुरू करावे असे समजू नये. हृदयविकार नसलेल्या १५,४८० मधुमेहींवरची चाचणी २०१८ मध्ये आली. सुमारे साडेसात वर्षांत ॲस्पिरिनने रक्तवाहिन्यांच्या गंभीर घटना ९.६ टक्क्यांवरून ८.५ टक्क्यांवर आल्या, पण मोठे रक्तस्राव ३.२ वरून ४.१ टक्क्यांवर गेले. स्टेंट बसलेल्याचा हिशेब वेगळा, न बसलेल्याचा वेगळा.

काय वेगळे करता आले असते

पहिल्या झटक्यानंतर घरी सोडताना फिजिओथेरपीच्या नोंदीत गुडघेदुखीचा उल्लेख होता. औषधांच्या यादीत त्याचा मागमूस नव्हता. दोन कागद एकाच फायलीत होते. कुणीतरी दोन्ही शेजारी ठेवून वाचले असते तर दुसरा झटका टळला असता का, हे सांगता येणार नाही. चार दिवस तरी वाचले असते.

चाचणी करायलाच हवी होती का, हाही प्रश्न आहे. प्लेटलेटच्या चाचणीवरून औषध बदलल्याने रुग्णांचे भले होते का हे पाहणाऱ्या २०११ आणि २०१२ च्या मोठ्या चाचण्यांत फायदा दिसला नव्हता. आमच्या बाबतीत तिचा उपयोग झाला, कारण तिने उत्तर दिले नाही, एक न जुळणारा आकडा दिला. पण आम्ही आधी तिला उत्तरच मानले. एका आकड्यावर ‘दाद नाही’ लिहिण्याऐवजी ‘५९१, पहाटे ६, आवरणाची गोळी, कारण अज्ञात’ असे लिहिले असते तर पुढच्या वाचणाऱ्याने शोध चालू ठेवला असता.

प्रश्न विचारण्याची पद्धत आम्ही बदलली. ‘आणखी काही औषधे घेता का?’ याला बहुतेक जण नाही म्हणतात. आता विचारतो, “गुडघा, पाठ, डोकं दुखलं तर काय घेता? जळजळ झाली की? पट्टी जवळ आहे का, दाखवा.”

तो जुना शेरा मात्र संगणकातून पुसला गेला नाही. दीड वर्षाने मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी ते दुसरीकडे गेले, तेव्हा जुन्या सारांशातून तो तिथल्या कागदावर उतरला, आणि त्याखाली कुणीतरी भर घातली: ‘ॲस्पिरिन निष्प्रभ, शस्त्रक्रियेआधी सात दिवस बंद करण्यास हरकत नाही’. मोतीबिंदूसाठी ते सहसा बंद करावे लागतही नाही. काकांनी गोळी थांबवण्याआधी फोन केला. आम्ही दुपारीच पत्र पाठवले, आणि त्यात थ्रॉम्बोक्सेनचा तो ३ चा आकडा वेळेसकट लिहिला.